मड्डमचा इतिहास आणि अधांतरी मारुतीराव

बेळगाव,
कोजागिरीचा आदला दिवस, १९७८

तीर्थस्वरूप सौ. वासंतीआक्काच्या पायांशी धाकट्या रवळूचा साष्टांग नमस्कार.

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या खाणीचे मालक मारुतीराव पूजेच्या पाटासकट जमिनीवरून वर उचलले गेले आणि त्या क्षणापासून माझं सगळं बदललं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना तू उगाच जीव मुठीत धरून बसायला नको. मारुतीराव जिवंत आहेत. एक नारळ सोडला तर कुणाला इजा झालेली नाही.

तू कशी आहेस? भावजींचा खोकला कसा आहे? (तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी डॉक्टरला विचारायचं की खोकला कशानं येतो, हे भावजीच करू जाणे. त्यांना हे वाचून दाखवू नकोस.) मुलं शाळेत जातात की माझ्यावर गेली आहेत? दसऱ्याला सोनं द्यायला निपाणीला येणार होतो, पण तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. तुझं कार्ड मिळालं. 'तू मालकाला यंत्रात घालून खाणीत फेकलास म्हणे, खरं का?' असं तू विचारलं आहेस. ही बातमी तुला कोगनोळीच्या नाक्यावरून मिळाली असणार. तिथं लॉऱ्या थांबतात, ड्रायव्हर चहा पितात आणि सीमेच्या अलीकडची गोष्ट पलीकडं जाईपर्यंत तिप्पट होते. फेकलेलं नाही, आक्का. फेकता येत होतं, पण मी फेकलं नाही. या प्रकरणात माझ्या बाजूनं बोलण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे, ती जपून ठेव.

आता सविस्तर. कॉलेज सोडल्यावर मी मच्छे रस्त्याला मारुतीरावांच्या खडीच्या खाणीवर कारकून म्हणून लागलो हे तुला ठाऊक आहे. कॉलेज का सोडलं हे आप्पांनी तुला त्यांच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. माझ्या पद्धतीनं असं, की इतिहासाचे सर म्हणाले, इतिहास राजांचा असतो. मी उभा राहून म्हणालो, मग बाकीचे काय नुसते जेवत होते? वर्ग हसला, सर चिडले, सर चिडले म्हणून मी चिडलो आणि वह्या उचलून तडक बाहेर आलो. मला वाटलं होतं कुणीतरी मागून हाक मारील. फाटकापाशी बराच वेळ उभा होतो. शेवटी शिपायानं विचारलं, 'कुणाला भेटायचंय?' तेव्हा निघालो. असा माझा बी.ए. झाला. (इथं एक गोष्ट गाळली आहे. मारुतीरावांची नीला त्याच कॉलेजात होती, आणि वर्ग हसला तेव्हा ती हसली नव्हती. तेवढ्या भांडवलावर मी तिच्या वडिलांच्या खाणीत नोकरी धरली. लोक यापेक्षा कमी भांडवलावर गिरण्या काढतात.)

खाणीवर एक यंत्र आहे. खडीच्या ढिगात बकेट खुपसायची, भरून वर उचलायची आणि लॉरीत ओतायची, एवढंच त्याचं काम. पण यंत्र विलायती आणि म्हातारं, म्हणून सगळे त्याला मड्डम म्हणतात. मड्डम सकाळी चालू व्हायला अर्धा तास लावते. ड्रायव्हर कल्लाप्पा तिला आधी कानडीत समजावतो, मग मराठीत शिव्या देतो, शेवटी हिंदीत पाया पडतो, तेव्हा ती एकदा खोकते. कुठल्यातरी धरणाच्या कामावरून ती लिलावात निघाली आणि मारुतीरावांनी घेतली. कपाळावर त्यांनी पिवळ्या रंगात 'श्री रवळनाथ प्रसन्न' लिहून घेतलं. मालकाच्या यंत्रावर माझंच नाव, हा मी शुभशकुन मानला. (देवाचं नाव आहे हे मला कळत होतं. पण प्रेमात पडलेला माणूस तेवढं बारीक बघत नाही.)

तिच्या सीटखालच्या पेटीत पान्यांबरोबर मला एक तेलकट कॅटलॉग सापडला आणि मी कंपनीच्या इतिहासाला लागलो. आक्का, हा इतिहास तुला ऐकावाच लागेल, खाणीवर सगळ्यांनी ऐकला आहे. कंपनीचं नाव थ्रॉसल अँड पिम, गाव ऑल्डरविक. थ्रॉसल ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि पिम चर्चच्या घंटांना दोर बसवायचा. थ्रॉसलच्या डोक्यात आलं की ट्रॅक्टरला बकेट लावली तर शंभर माणसांचं काम एकटा करील. पण पुढं लावली तर पुढची बारकी चाकं दबायची. मग त्यानं सरळ सीट फिरवली, स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रॅक्टर उलटा चालवायला घेतला. मोठी चाकं पुढं, बारकी मागं, आणि वळायचं ते मागच्या चाकांवर. त्यामुळं मड्डम डावीकडं वळली की तिचं बूड उजवीकडं झाडू मारत जातं. बकेट उचलायला पिमचा दोर. खाली यायला मात्र काहीच नाही. खिटी ओढली की बकेट स्वतःच्या वजनानं धाडकन पालथी. चढायला इंजिन, उतरायला देवाची मर्जी.

पण मूळ गोष्ट अशी की थ्रॉसलला पिमची बहीण एडिथ हवी होती. पिम म्हणाला, माझा दोर तुझ्या यंत्राला लावशील तर विचार करतो. म्हणजे बघ, एवढी मोठी कंपनी, शेकडो यंत्रं, समुद्रापार निर्यात, सगळं निघालं एका होकारासाठी! (कॅटलॉगात याबद्दल एकच ओळ आहे, दोघे भागीदार पुढे मेहुणे झाले एवढीच. बाकीचं मी इतिहासकार या नात्यानं भरलं. एडिथ हे नावही मीच ठेवलं.) पुढं जगभर तेलाच्या दाबावर हलणारे लोखंडी हात आले, बकेट अलगद वर, अलगद खाली. पिम ऐकेना. दोराला काय झालंय, म्हणाला. मेहुणा पडला, त्यामुळं थ्रॉसलला बोलता येईना. अखेर दोघं म्हातारे झाले, कंपनी कुणा मोठ्यानं विकत घेतली आणि पहिल्याच आठवड्यात नावाची पाटी उतरवली. हा शेवटचा भाग मी कल्लाप्पाला सांगितला तेव्हा तो लई हळहळला. म्हणाला, 'मेहुण्याबरोबर धंदा करायचा न्हाय गा, रवळू.'

या इतिहासाचा उपयोग काय, असं तू विचारशील. आप्पांनी विचारलंच. उपयोग असा, की मारुतीरावांनी मड्डम भंगारात द्यायचं ठरवलं होतं, आणि नीलासाठी धारवाडचा एक इंजिनियर बघितला होता. उपेंद्र त्याचं नाव. बांधकाम खात्यात आहे, पँटीची इस्त्री मोडत नाही. माझा हिशोब असा होता की मड्डमची थोरवी पटवून दिली की ती वाचेल, ती वाचली की मारुतीरावांना माझी अक्कल दिसेल, आणि अक्कल दिसली की नीलाचं बोलता येईल. रस्ता जरा लांबचा होता हे मान्य. नीलाला मात्र मी थेट काहीच विचारलेलं नव्हतं. ती खाणीवर डबा घेऊन यायची तेव्हा मी तिला कंपनीचा इतिहास सांगायचो. ती डबा रिकामा होईपर्यंत ऐकायची. एकदा म्हणाली, 'एडिथला कुणी विचारलं होतं का?' मी म्हणालो, कॅटलॉगात तसा उल्लेख नाही. त्यावर ती डबा उचलून गेली.

आता खंडेनवमी. आमच्या मारुतीरावांची खंडेनवमी म्हणजे काय असते हे तू पाहिलेलं नाहीस. वर्षभर देवाला हात न जोडणारा माणूस त्या दिवशी सोवळं नेसतो. खाणीतली झाडून सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून मांडायची. पहारी, घण, सुतक्या, दोरखंड, कप्पी, शिडीसुद्धा. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत कुठल्याही हत्याराला बोट लावायचं नाही. 'वर्षभर राबत्यात, एक दीस त्यास्नी निजू दे,' हे मारुतीरावांचं वाक्य. गेल्या साली भरमूनं चुकून पहारीवर पाय दिला तर त्याला देवापुढं दिवसभर बसवलं होतं. यंदा मड्डमचा शेवटचा दसरा, म्हणून मारुतीरावांनी पूजाच तिच्या बकेटीत मांडली. बकेट जमिनीला टेकवलेली, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, आत पाट, पाटावर देव, आणि देवासमोर मांडी घालून स्वतः मारुतीराव. समोर खुर्च्यांवर पाहुणे. उपेंद्र, त्याचे काका, आणि नीलाची आई जयाबाई. नीला आरतीचं ताट धरून उभी.

पूजा झाली. मारुतीरावांनी डोळे मिटून हात जोडले. सगळीकडं शांत. आणि त्या शांततेत उपेंद्र त्याच्या काकांना म्हणाला, 'हे भंगार किती किलो भरेल हो?'

आक्का, तुला माझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी तुझ्या भोंडल्यात कुणी तुला चिडवलं तर मी पाटी फोडली होती. (पाटी तुझीच होती, हे वेगळं.) माझ्या कानशिलात जाळ झाला. मी ठरवलं, याला दाखवायचं. चालतं इंजिन भंगार नसतं. उचलायचं काही नाही, नुसतं इंजिन चालू करायचं, एकदा गुरगुरू द्यायचं आणि बंद करायचं. मागच्या बाजूनं चढलो आणि बटणावर बोट ठेवलं. खरं तर मला खात्री होती की ती चालू होणार नाही. रोज अर्धा तास तीन भाषांत विनवण्या करून घेणारी बाई! पण त्या दिवशी नुकती न्हाऊन, हळदकुंकू लावून, हार घालून बसली होती. पहिल्या बोटाला गर्जना केली.

मी घाबरलो आणि ती बंद करायला डावा दांडा ओढला. कॅटलॉगात डावा दांडा इंजिन बंद करण्याचा आहे. पण कॅटलॉग पंचावन्न सालचा आणि मड्डम अठ्ठेचाळीस सालची. अठ्ठेचाळीस साली डावा दांडा बकेट उचलायचा असे. (मधल्या काळात कंपनीनं ही व्यवस्था सुधारली, हा मुद्दा माझ्या इतिहासात आहे. फक्त तो मला त्या वेळी आठवला नाही.) दोर ताणला, केळीचे खुंट सळसळले, आणि मारुतीराव डोळे मिटलेल्या अवस्थेतच हात जोडून वर जायला लागले. पाटासकट, देवासकट, समईसकट. पहिल्यांदा कुणी ओरडलंसुद्धा नाही. बायकांनी तर हात जोडले. मग त्यांनी डोळे उघडले. लॉरीच्या टपाच्या उंचीवर पोचल्यावर मड्डमनं एक आचका दिला, एक नारळ काठावरून सुटून खाली येऊन फुटला, आणि इंजिन कायमचं बंद पडलं.

त्यानंतरच्या शांततेत मी, माझ्यावर विश्वास ठेव, मोठ्यानं म्हणालो, 'पुढच्या मॉडेलात ही अडचण दूर केलेली आहे.'

आता अडचण अशी. खिटी ओढली तर बकेट पालथी, म्हणजे मारुतीराव देवांसकट खडीवर. शिडी लावावी तर शिडीची पूजा झालेली. दोरखंडाची पूजा झालेली. कप्पीची झालेली. शेजारच्या खाणीतून मागवावी तर तिथंही खंडेनवमीच. खाली एवढी माणसं, पण उतरवायला उपयोगी पडेल अशा सगळ्या वस्तू झेंडूची फुलं घालून निजलेल्या. कल्लाप्पानं हात मागं बांधले. 'मी हात लावणार न्हाय, अण्णा. तुम्हीच सांगिटलंय.' वरून मारुतीराव गरजले, 'लावायचा न्हायच! आज हत्याराला कुणी हात लावायचा न्हाय!' मग खाली बघितलं आणि जरा हळू म्हणाले, 'पर मग कसं?' उपेंद्रनं खिशातून पेन काढून कागदावर काही आकृती काढली आणि बकेट जमिनीपासून किती उंच आहे हे काकांना समजावून दिलं. त्यानं मारुतीरावांना फारसं बरं वाटलं नाही.

तेवढ्यात भरमू, ज्याला मागच्या साली दिवसभर बसवलं होतं, तोंडाशी हातांचा कर्णा करून ओरडला, 'अण्णा, नीलाक्का द्या की रवळूला! त्यानंच चढवलंय, त्योच उतरवंल!' सगळी खाण हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे ही गोष्ट भरमूलाही माहीत होती! (नंतर कळलं की सगळ्यांनाच होती. मी दीड वर्ष गुपचूप प्रेम करत होतो, ते गुपित आहे असं फक्त मलाच वाटत होतं.) आणि वरून, बकेटीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून, मारुतीराव म्हणाले, 'देतो! देतो रं बाबा! आदी खाली घ्या!'

आक्का, मी नाचायला हवं होतं. पण नीला पुढं आली. हातातलं ताट खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं नाही, वर बघून म्हणाली, 'बाबा, असला होकार मला नको. वर टांगून व्हय म्हणायला लावायचं, ही काय रीत झाली? म्हणायचं असंल तर जमिनीवर पाय ठेवून म्हणा.' सगळ्यांसमोर! उपेंद्रच्या काकांसमोर! जिच्यासाठी मी अख्ख्या कंपनीचा इतिहास पाठ केला तिनं सगळ्या खाणीदेखत मला नकार दिला. मी मड्डमवरून उतरलो तो पाय घसरून, आणि केळीच्या खुंटाच्या मातीत बसलो.

सुटका जयाबाईंनी केली. त्या खुर्चीवरून उठून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'अहो, देव तुमच्याजवळच आहेत न्हवं? उत्तरपूजा करा की! अक्षता टाका, देव हलवा, पूजा संपली. मग शिडी मोकळी.' मारुतीराव म्हणाले, 'आजच? उद्या करत्यात.' जयाबाई म्हणाल्या, 'मग उद्यापर्यंत बसा. भाकरी फेकते वर.' मारुतीरावांनी थोडा विचार केला. मग तिथंच, टपाच्या उंचीवर, अक्षता वाहिल्या, देव हलवले, सगळ्या हत्यारांची वरूनच क्षमा मागितली. कल्लाप्पानं शिडीवरचं झेंडूचं फूल काढून कानात खोवलं आणि शिडी लावली. मारुतीराव खाली आले, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, 'तू घरला जा.' तेव्हापासून मी घरला आहे.

आता ऐकतो की उद्या कोजागिरीला उपेंद्रची माणसं पुन्हा येणार आणि सुपारी फुटणार. टांगलेल्या माणसाच्या शब्दाला काही किंमत नसते, असं त्याच्या काकांनी मोठ्या मनानं ठरवलं म्हणे. मला त्याचं काही नाही. मी त्या प्रकरणातून बाहेर पडलो आहे. हे पत्र केवळ तू विचारलंस म्हणून आणि कंपनीच्या इतिहासाची नोंद राहावी म्हणून. तुझी तब्येत सांभाळ. मुलांना गोड पापा. भावजींना नमस्कार.

तुझा, कुठलाच राग-लोभ न उरलेला,
रवळू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. भावजींच्या वखारीत एखादी जागा असेल तर बघायला सांग. कसलीही चालेल, फक्त बेळगावपासून लांब आणि यंत्र नसलेली. सोमवारच्या गाडीनं येतो. अंथरूण मी आणीन.

ता. क. २. पाकिटात घालण्याआधी पत्र एकदा वाचून काढलं. (शुद्धलेखन तपासायला. सरांची सवय.) आक्का, तू बाई माणूस आहेस, तूच सांग. नीला म्हणाली 'असला होकार मला नको'. म्हणजे होकार नको, असं ती म्हणाली का? 'असला' नको म्हणाली. आणि पुढं वडिलांना म्हणाली, 'म्हणायचं असंल तर जमिनीवर पाय ठेवून म्हणा.' ज्याला नको असतं तो माणूस, कसं म्हणायचं ते शिकवतो का? पाच दिवस मी हे वाक्य डोक्यात घेऊन उशीत तोंड खुपसून पडलो होतो आणि आज स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर कळतंय. बी.ए. पुरा केला असता तरी हे कळलं नसतं.

ता. क. ३. वखारीचं राहू दे. त्याऐवजी तू आणि भावजी आजच्या आज निघा आणि रीतसर मागणी घाला. आप्पा यायचे नाहीत, ते म्हणतात आधी बी.ए. हो.

ता. क. ४. आजच्या आज कसे निघाल? हे पत्र तुला मिळेल तोवर सुपारी फुटलेली असेल. माझ्या डोक्याचं काय करावं! तुम्ही येऊ नका. म्हणजे या, पण घाई नको, भावजींना खोकला आहे. मारुतीराव आत्ता घरी असतात, जेवून अंगणात शतपावली करतात, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवरच. त्यांच्याशी नंतर बोलेन. आधी नीलाला विचारतो, ते अजून कुणीच विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. इतिहास सांगणार नाही, एवढं नक्की. आप्पा आतून विचारतायत, कुठं निघालास? उत्तर द्यायला थांबलो तर भांडण होईल आणि भांडण झालं तर मी इथंच बसेन. म्हणून पाकीट खिशात घालतो, चपला पायात सरकवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.